मृत्यूनंतर माणूस कुठे असतो: ख्रिस्ती विश्वास काय सांगतो आणि कुठे थांबतो

प्रश्न विचारणाऱ्या ताई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेल्या, आणि लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात गेलेल्या. त्यांचे सासरे नुकतेच वारले. सासरी त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, अर्पण होतात, आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळे कबरीवर जाणार आहेत. माहेरचे म्हणतात, गेलेल्या माणसासाठी प्रार्थना करून उपयोग काय, तो केव्हाच स्वर्गात पोहोचला. शिवाय ताईंचे आईकडचे आजोबा जन्मभर पंढरीची वारी करणारे माळकरी. बाप्तिस्मा न घेताच ते गेले, आणि असे सगळे नरकात आहेत असं एका उपदेशकाने भर सभेत सांगितलं. ताई विचारतात: सासरे आत्ता कुठे आहेत? मी मिस्साला बसू का? आणि माझ्या आजोबांचं काय?

ताई, सलाम. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत पाळक म्हणून माझं आयुष्य गेलं. घरात मयत असताना लोक हेच प्रश्न विचारतात, आणि त्या वेळी लांबण लावून बोलता येत नाही. आज सविस्तर लिहितो.

माणूस मेला की आत्मा स्वर्गात गेला आणि तिथेच कायमचा राहिला, ही समजूत आपल्या मंडळ्यांत फार पक्की बसली आहे. पण आपण उपासनेत प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची जुनी कबुली, म्हणतो तो आठवून पाहा. येशू स्वर्गात चढला हे त्यात आहे. आपण मेल्यावर स्वर्गात जातो असं त्यात कुठेच नाही. त्यात आहे ते शरीराचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ज्याला आजचं रूप आलं, त्या नायसीन मतांगीकारातही मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची आम्ही वाट पाहतो, असंच म्हटलं आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट, सगळे ते मान्य करतात. मृत्यूनंतर लगेच जी अवस्था येते ती मधली आहे. ख्रिस्ती माणसाची आशा त्या मधल्या मुक्कामावर टेकलेली नाही, ती पुढच्या उठण्यावर टेकलेली आहे. हे एकदा ध्यानात धरलं की तुमचे निम्मे प्रश्न वेगळे दिसू लागतात.

दफनविधीच घ्या. पेटी दोरांवरून खाली जाते, दोर वर ओढून घेतात, पाळक मूठमूठ माती टाकतो आणि म्हणतो: मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. ढेकळं फळीवर पडल्याचा आवाज नेमका तेव्हाच होतो, घरातली बाई तेव्हाच हंबरडा फोडते, आणि पुढचं वाक्य कुणाच्या कानापर्यंत जात नाही. पण पुढचं वाक्य आहे. सार्वकालिक जीवनासाठी होणाऱ्या पुनरुत्थानाच्या खात्रीच्या आशेने आम्ही हे शरीर इथे ठेवतो, असं ते आहे. मी ते दरवेळी जरा थांबून, मोठ्याने म्हणतो. जुन्या कबरस्तानांत मयताचे पाय पूर्वेकडे ठेवण्याची रीत दिसते, तीही याच आशेतून आलेली: ख्रिस्त येईल तेव्हा उठणाऱ्याचं तोंड उगवतीकडे असावं.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय या विषयावरचा नव्या करारातला सगळ्यात मोठा मजकूर आहे. मेलेले उठतात कसे आणि कसल्या शरीराने येतात, हा प्रश्न तो स्वतःच मांडतो आणि दाण्याचा दाखला देतो. बाजरी पेरणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मातीत जातो तो एक दाणा आणि वर येतं ते कणसाने लवलेलं ताट. दोघांचं रूप एक नाही, तरी ते ताट त्याच दाण्याचं. उठलेल्या येशूच्या बाबतीत हेच दिसतं. तो शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो, हातांवरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो, म्हणजे तो भास नाही. पण दारं बंद असताना तो आत येऊन उभा राहतो, आणि अम्माऊसच्या वाटेवर बरोबर चालणाऱ्यांना तो ओळखूही येत नाही. शरीर तेच, पण मरण आता त्याला शिवू शकत नाही.

मग शेवटी राहायचं कुठे? प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, पवित्र नगरी खाली उतरते. नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि देवाचा डेरा माणसांजवळ. ही जमीन, हे पाणी, ही माणसं देवाने टाकून देण्यासाठी केलेली नाहीत, असा याचा अर्थ मी घेतो. शेतकऱ्यांच्या मंडळीत हे सांगताना मला नेहमी आनंद होतो.

तिथे आपली माणसं ओळखू येतील का, हे सगळे विचारतात. माझं उत्तर होय असंच आहे. मग्दालीया मरीयेने कबरीजवळ येशूला माळी समजलं होतं, पण त्याने नाव घेऊन हाक मारली आणि तिने ओळखलं. एखादी विधवा, जिचं दुसरं लग्न झालेलं असतं, दबक्या आवाजात विचारते की मग मी कोणाची? पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी सात भावांची एकच बायको कल्पून येशूला अडवण्यासाठी हाच प्रश्न केला होता. पुनरुत्थानात लग्न करणं नाही आणि करून देणंही नाही, असं तो म्हणाला. यातून प्रेम पुसलं जातं असा अर्थ निघत नाही. कोणी कोणाच्या मालकीचं असणं मात्र तिथे उरत नाही. ज्या बाईला दोन्ही संसारांत मन लावावं लागलं, तिला या उत्तराने धीर येतो हे मी पाहिलं आहे.

दहनाबद्दलही थोडं सांगतो, कारण मुंबईत जागेअभावी कबरी काही वर्षांनी पुन्हा वापराव्या लागतात आणि लोक दहनाचा विचार करू लागले आहेत. जाळलं तर पुनरुत्थान कसं, ही भीती निराधार आहे. पहिल्या शतकांतले कितीतरी हुतात्मे जाळले गेले, श्वापदांच्या तोंडी दिले गेले. कॅथलिक ख्रिस्तसभेने १९६३ साली दहनाला मुभा दिली. रक्षा उधळू नये, पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ च्या सूचनापत्रात सांगितलं आहे. आमच्याकडे बहुतेक दफनच होतं, पण दहनाला मी कधी आडकाठी केली नाही.

आता सासरे आत्ता कुठे आहेत, याकडे येतो.

शास्त्र इथे थोडं बोलतं. जुन्या करारात मेलेले सगळे अधोलोकात जातात. ती सावलीची, मुकी जागा आहे. मेलेल्यांना काहीच कळत नाही, असं त्यातल्या ‘उपदेशक’ नावाच्या पुस्तकात आहे. मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी तर काही अप्रतिष्ठेसाठी, ही गोष्ट स्पष्टपणे येते ती दानीएलाच्या बाराव्या अध्यायात. नव्या करारात आपल्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला येशू सांगतो की आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की इथून निघून ख्रिस्ताजवळ असणं मला अधिक बरं वाटतं. थेस्सलनीकाकरांना लिहिताना मात्र तोच गेलेल्यांना निजलेले म्हणतो. आपल्या निधनवार्तांत ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ हे लिहितात ते तिथूनच आलं.

या निजण्यावरून मतभेद आहेत. पुण्यात ज्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे ते सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट लोक मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत पूर्ण बेशुद्ध असतो, त्याला काही जाणीव नसते. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने सोळाव्या शतकात या मताविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि बहुतेक मंडळ्या त्याच्या बाजूला राहिल्या: शरीर निजतं, माणूस ख्रिस्ताजवळ जागा असतो. मीही तसंच मानतो, कारण चोराला दिलेलं वचन ‘आज’ असं आहे. तुमचे सासरे विश्वासात गेले असतील तर ते ख्रिस्ताजवळ आहेत, विसाव्यात आहेत, आणि अजून पुनरुत्थानाची वाट पाहत आहेत. माहेरचे म्हणतात तसं ते पोहोचले आहेत, पण प्रवास संपलेला नाही. तिथलं काही आपल्याला दिसत नाही म्हणून त्यांचा आत्मा घराभोवती फिरतोय, उंबऱ्यावर येतोय, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ही भीती ख्रिस्ती घरांतही मुरलेली आहे, विशेषतः अपघातात गेलेल्यांबद्दल. ख्रिस्ताच्या हाती असलेला माणूस भटकत नाही.

मिस्साचा प्रश्न इथूनच निघतो. कॅथलिक शिकवण अशी की देवाच्या कृपेत मेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूस देवाचं मुख पाहण्याआधी शुद्ध केला जातो. याला पर्गेटरी म्हणतात. आपल्या लोकांचा यात एक मोठा गैरसमज आहे, तो काढून टाका: ही मेल्यावरची दुसरी संधी नाही. तिथे असलेला प्रत्येक जण तारलेलाच आहे आणि त्याची वाट देवाकडेच जाते. १२७४ साली लिओंच्या, १४३९ साली फ्लॉरेन्सच्या आणि शेवटी १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेत ही शिकवण मांडली गेली. आधार म्हणून मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातला बारावा अध्याय दाखवतात. त्यात यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी यरुशलेमेत अर्पण पाठवतो. ते पुस्तक कॅथलिक पवित्र शास्त्रात आहे, आपल्याकडच्या शास्त्रात नाही. वाद तिथेच सुरू होतो.

प्रॉटेस्टंट चळवळीला तोंड फोडणाऱ्या लूथरने १५१७ साली पंच्याण्णव मुद्दे लिहिले ते पापदंडमाफीच्या पत्रांच्या विक्रीविरुद्ध. मेलेल्या बापाची सुटका पैशाने होते असं गरिबांना सांगितलं जात होतं. तो संताप रास्त होता, आणि ती विक्री पुढे ट्रेंटच्या परिषदेनंतर खुद्द कॅथलिक सभेनेच बंद केली. पण प्रॉटेस्टंटांचा मूळ आक्षेप पैशापुरता नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर केलेलं काम पुरेसं असेल तर मेल्यावर आणखी शुद्धीकरण कशाला, हा तो आक्षेप आहे. मलाही तो पटतो, म्हणून मी पर्गेटरी शिकवत नाही. तरीही एक गोष्ट मी मान्य करतो: आपण जसे मरतो तसेच्या तसे, आपल्या हट्टांसह आणि मनातल्या अढींसह, देवासमोर राहू शकणार नाही. कुठेतरी तो आपल्याला बदलणार आहे. पौल म्हणतो की क्षणात, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच आपण बदलून जाऊ. कॅथलिक त्या बदलण्याबद्दल जास्त बोलतात, आपण कमी बोलतो.

दोन नोव्हेंबरचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीचे मठाधिपती ओडिलो यांनी हजाराव्या वर्षाच्या आसपास आपल्या मठांत सुरू केला आणि पुढे तो सगळीकडे पसरला. वसईत त्या दिवशी कबरी धुतात, झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीओळीतून फिरतात. आपल्या नगरच्या कबरस्तानांत कित्येक कबरींवर बोरीबाभळी उगवल्या आहेत, नावंही वाचता येत नाहीत. गेलेल्यांना सांभाळणं आपण वसईकरांकडून शिकावं, एवढं मी स्पष्ट म्हणतो.

नरकाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण आजोबांच्या प्रश्नाआड तोच उभा आहे. येशू नरकाबद्दल बोललाच नाही असं आजकाल सांगतात. ते खरं नाही. नव्या करारातले नरकाचे बहुतेक इशारे त्याच्याच तोंडचे आहेत. ते कोणाला दिले तेही पाहा: बहुतांशी शास्त्री आणि परूशी, म्हणजे त्या काळचे यहूदी धर्मपुढारी, आणि स्वतःचे शिष्य. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यांना तो म्हणतो की मला तुमची कधी ओळखच नव्हती. आतल्यांना जागं करायला दिलेला इशारा बाहेरच्यांवर फेकण्याचा दगड झाला, हे आपल्या उपदेशांचं मोठं दुखणं आहे.

नरक कसा, याबद्दल ख्रिस्ती विचारात तीन वाटा आहेत. प्राचीन मंडळीतले थोर शिक्षक ऑगस्टीन यांच्यापासून चालत आलेलं बहुसंख्यांचं मत असं की ती शिक्षा अनंत आणि जाणिवेसह आहे. दुसरं मत असं की देवाला नाकारणारे शेवटी नाहीसेच होतात. जॉन स्टॉट यांच्यासारख्या मान्यवर इव्हँजेलिकल उपदेशकाने १९८८ साली याकडे आपला कल असल्याचं सांगितलं तेव्हा खळबळ उडाली होती. तिसरं मत तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताचं: शेवटी सगळेच देवाकडे परततात. ओरिगेनच्या नावाने चालणाऱ्या मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला, पण त्याच वळणाने विचार करणाऱ्या चौथ्या शतकातल्या बिशप निस्साच्या ग्रेगरींना संत मानतात. माझ्यापुरतं सांगायचं तर देवाला कायमचं नाही म्हणण्याची मोकळीक माणसाला खरोखर आहे, आणि तिचे परिणामही खरे आहेत. यापलीकडचं मी शिकवत नाही.

आता तुमचे आजोबा.

तारण ख्रिस्तामुळेच आहे, दुसऱ्या कोणाच्या नावाने नाही, हे प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र स्पष्ट म्हणतो. मी ते सोडणार नाही, आणि सगळे मार्ग सारखेच असं सांगून तुमची समजूतही काढणार नाही. तुमचे आजोबासुद्धा असल्या गुळमुळीत उत्तराने खूश झाले नसते. वारकऱ्याला आपला देव कोण हे पक्कं ठाऊक असतं. पण ख्रिस्तामुळे तारण होतं हे एक, आणि ख्रिस्ताने कोणाला तारलं याची यादी आमच्या हाती आहे हे दुसरं. पहिलं शास्त्र सांगतं. दुसरं शास्त्रात कुठेच नाही.

अब्राहामाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. ईयोबाचा नव्हता. वधस्तंभावरच्या चोराचाही नव्हता. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो की ज्यांच्याजवळ नियमशास्त्र नाही त्यांच्या अंतःकरणावर ते लिहिलेलं असतं, आणि न्यायाच्या दिवशी त्यांचा विवेक साक्ष देईल. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात तेव्हा दोन्हीकडचे चकित होतात: प्रभू, आम्ही तुला भुकेलेला केव्हा पाहिला? उजवीकडच्यांना आपण कोणाची सेवा करतोय हे ठाऊकच नव्हतं. कॅथलिक सभेच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली लिहून ठेवलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना सुवार्ता कळली नाही, पण जे देवाला मनापासून शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. प्रॉटेस्टंटांत यावर एकमत नाही. काहींच्या मते या आयुष्यात उघड विश्वास हवाच. त्यांच्याही हाती वचनं आहेत, आणि मी त्यांना खोटं ठरवत नाही.

पण स्वतः येशूला हा प्रश्न विचारला गेला होता. लूकाच्या तेराव्या अध्यायात एक जण विचारतो: प्रभू, तारण होणारे थोडेच आहेत काय? येशूने आकडा सांगितला नाही, नावं सांगितली नाहीत. तो म्हणाला, अरुंद दाराने आत जाण्याचा तुम्ही नेटाने प्रयत्न करा. विचारणाऱ्याला त्याने त्याच्याच पायांकडे पाहायला लावलं. आणि थोडं पुढे जाऊन म्हणाला की पूर्वपश्चिमेहून आणि उत्तरदक्षिणेहून लोक येतील आणि देवाच्या राज्यात जेवायला बसतील. जे खुद्द प्रभूने सांगितलं नाही ते भर सभेत जाहीर करण्याचा अधिकार त्या उपदेशकाला कोणी दिला? सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय, असं अब्राहामाने देवाला विचारलं होतं. मी आजोबांना त्या न्यायाधीशाच्या हाती सोपवतो. तो माझ्यापेक्षा कमी दयाळू असेल असं मला वाटत नाही.

याच ओघात आणखी दोघांबद्दल लिहितो, कारण घरोघरी ही दुःखं आहेत. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ लिंबो नावाच्या वेगळ्या जागी राहतं असं कॅथलिक घरांत पूर्वी सांगत. ती कधीच बंधनकारक शिकवण नव्हती, आणि व्हॅटिकनच्या ईश्वरविज्ञान आयोगाने २००७ साली सविस्तर लिहिलं की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आणि आत्महत्या. १९१७ च्या कॅथलिक धर्मनियमांत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलेलं होतं. १९८३ च्या नियमांत ते कलम राहिलं नाही. कर्जापायी फवारणीचं औषध पिऊन गेलेल्या माणसाची पेटी कबरस्तानाच्या कोपऱ्यात ढकलू पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. अशा वेळी पाळकाने स्वतः पुढे होऊन ती पेटी इतरांच्या ओळीत ठेवावी.

पुनर्जन्माबद्दल इतकंच: माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे, असं इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. मामेभावांनी आजोबांच्या वर्षश्राद्धाला बोलावलं तर जा, पंगतीत वाढा, आठवणी सांगा. पिंड ठेवण्याच्या विधीत मात्र भाग घेऊ नका, आणि का घेत नाही ते आदराने आधीच सांगा. आपल्या माणसाचा मान ठेवला जातोय हे दिसलं की ते समजून घेतात.

आणि दोन तारखेला नक्की जा. कबर धुवायला हात लावा, मेणबत्ती लावा. मिस्साला बसा, उभं राहायचं तिथे उभ्या राहा, सासऱ्यांच्या आयुष्यासाठी देवाचे आभार माना. फादर मृतांसाठी प्रार्थना करतील तेव्हा तुम्ही मनात एवढं म्हणा की प्रभू, त्यांना तुझ्या हाती ठेवतो. हे आपल्या दफनविधीतही आपण म्हणतोच, त्यात तुमच्या विश्वासाला कुठे बाधा येत नाही. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी देण्याच्या, वेळी मात्र त्यांच्या नियमाप्रमाणे कॅथलिक नसलेल्यांना सहसा ते देत नाहीत. तेव्हा जागेवरच बसून राहा, नाहीतर हात छातीवर घेऊन आशीर्वादासाठी पुढे जा. फादरांना आदल्या दिवशी सांगून ठेवलंत म्हणजे सासूबाईंना चारचौघांत अवघड वाटणार नाही.